‘आपण’ आणि ‘आम्ही’ : अनुभवी व्यवस्थापकाच्या प्रबंधाचा एक विचार

१

वीस-पंचवीस वर्षे एखाद्या उद्योगसंस्थेचा कारभार पाहिलेला अधिकारी पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थी म्हणून विद्यापीठात नाव नोंदवतो, ही घटना आता अपवादात्मक राहिलेली नाही. नोकरी न सोडता, ठरावीक काळाने चार-सहा दिवस विद्यापीठात राहून आणि उरलेल्या वेळी रात्री व सुट्टीच्या दिवशी अभ्यास करून तो तीन-चार वर्षांत एक प्रबंध सिद्ध करतो. व्यवस्थापनशास्त्रातील या पदवीला ‘व्यावसायिक डॉक्टरेट’ म्हणतात. रूढ पीएच.डी.चा आरंभ पूर्वसंशोधनात राहून गेलेल्या एखाद्या त्रुटीपासून होतो, तर या पदवीचा आरंभ प्रत्यक्ष कामात अडलेल्या एखाद्या प्रश्नापासून होतो, असा भेद सामान्यतः सांगितला जातो. ज्ञानात नवी भर पडली पाहिजे, ही अट मात्र दोन्हींना समान आहे.

या विषयाचा विचार आजवर शिक्षणशास्त्राच्या आणि व्यवस्थापनशास्त्राच्या अंगाने झाला आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे वळण्याचे कारण प्रथमदर्शनी दिसत नाही. परंतु प्रबंध हाही एक लेखनप्रकार आहे. त्याला स्वतःचा निवेदक असतो, स्वतःचे संकेत असतात, आणि त्यात कोणाचा आवाज यावा व कोणाचा येऊ नये याचे काही अलिखित नियम असतात. जो मनुष्य एखाद्या घटनेत स्वतः कर्ता होता, तोच तिचा निवेदक झाला आणि पुढे तोच तिचा भाष्यकारही झाला, तर त्या निवेदनावर कितपत विसंबावे, हा प्रश्न कादंबरीच्या आणि आत्मचरित्राच्या अभ्यासकाला नवा नाही. अनुभवी व्यवस्थापकाचा प्रबंध हाच प्रश्न वेगळ्या क्षेत्रात उभा करतो. भारतीय भाषांच्या संदर्भात त्याला आणखी एक पदर आहे. ज्या कामाविषयी हा प्रबंध लिहिला जातो ते काम मराठी, तमिळ, गुजराती किंवा हिंदीत चालते. प्रबंध मात्र बहुधा इंग्रजीत लिहिला जातो. या स्थलांतरात पुराव्याचे काय होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

आधी या पदवीचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. अमेरिकेत पहिली पीएच.डी. १८६१ साली येल विद्यापीठाने दिली. हार्वर्ड विद्यापीठाचे व्यवसायविद्यालय १९०८ साली स्थापन झाले आणि पुढे तेथे ‘डॉक्टर ऑफ बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ ही पदवी दिली जाऊ लागली. तथापि नाव तेच असले तरी आज ज्याला व्यावसायिक डॉक्टरेट म्हणतात ती ही नव्हे. व्यवसायविद्यालयांसाठी अध्यापक व संशोधक घडविणे हा तिचा प्रमुख हेतू होता.

खरे वळण १९५९ साली आले. त्या वर्षी अमेरिकेतील व्यवसायशिक्षणाविषयी दोन मोठे अहवाल प्रसिद्ध झाले : फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने रॉबर्ट गॉर्डन व जेम्स हॉवेल यांनी केलेला, आणि कार्नेगी संस्थेच्या साहाय्याने फ्रँक पिअरसन यांनी केलेला. व्यवसायविद्यालयांचे शिक्षण उथळ आणि केवळ व्यवहारी झाले आहे, त्याला समाजशास्त्रांचा व गणिताचा भक्कम पाया हवा, असा या अहवालांचा एकंदर रोख होता. पुढील दोन दशकांत विद्यालयांनी तो मनावर घेतला. अनुभवाच्या बळावर शिकविणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्यांची जागा संशोधनाची पदवी घेतलेल्या प्राध्यापकांनी घेतली. त्यामुळे विद्येची शिस्त वाढली हे निर्विवाद. पण शिकविणारा आणि काम करणारा यांच्यामधील अंतरही वाढले. १९८३ साली डोनल्ड शॉन यांनी चिंतनशील व्यावसायिकाविषयीच्या आपल्या ग्रंथात याच अंतरावर बोट ठेवले. कुशल व्यावसायिक काम करता करताच विचार करतो आणि तो विचार ग्रंथातील सिद्धांताचे केवळ उपयोजन नसतो, हे त्यांचे प्रतिपादन. त्यापूर्वी मायकेल पोलान्यी यांनी १९५८ आणि १९६६ च्या ग्रंथांतून, माणसाला जे ठाऊक असते ते सारे त्याला शब्दांत सांगता येत नाही, हा विचार मांडला होताच.

या पार्श्वभूमीवर १९९५ साली क्लीव्हलंड येथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या वेदरहेड विद्यालयाने अनुभवी अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र डॉक्टरेट सुरू केली. ब्रिटनमधील विद्यापीठांतही त्याच दशकात अशा पदव्यांचा प्रसार झाला. क्लीव्हलंडच्या अध्यापकांपैकी पॉल सॅलिपांटे आणि जॉन अ‍ॅरम यांनी २००३ साली लिहिलेल्या निबंधात व्यवस्थापक हा ज्ञानाचा केवळ ग्राहक नसून निर्माताही होऊ शकतो, अशी भूमिका मांडली आहे.

भारतात कलकत्ता व अहमदाबाद येथील व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाल्या. अहमदाबादच्या संस्थेने १९७१ साली डॉक्टरेटच्या तोडीचा ‘फेलो’ अभ्यासक्रम सुरू केला. परंतु पदवी देण्याचा अधिकार या संस्थांना २०१७ च्या अधिनियमाने, म्हणजे तो २०१८ च्या जानेवारीत अमलात आल्यावर मिळाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी अंशकालीन पीएच.डी.ला स्पष्ट मान्यता दिली. त्यासाठी मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि त्यात तीन गोष्टी नमूद असाव्या लागतात : कर्मचाऱ्याला अंशकालीन अभ्यासाची परवानगी आहे, त्याच्या कामाचे स्वरूप संशोधनाला पुरेसा वेळ देण्याजोगे आहे, आणि गरज पडल्यास अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी त्याला कामातून मोकळे केले जाईल. या तीन वाक्यांत त्या विद्यार्थ्याची सारी कोंडी सामावली आहे. ज्या संस्थेचे त्याने तटस्थपणे परीक्षण करावयाचे, तिच्याच संमतीने तो विद्यार्थी होतो.

३

अनुभवी कारभाऱ्याने आपला अनुभव शास्त्ररूपाने मांडावा, ही कल्पना मात्र विसाव्या शतकाची नाही. मराठीपुरते बोलावयाचे तर तिचे थोर उदाहरण ‘आज्ञापत्र’ हे आहे. करवीरच्या संभाजीराजांच्या नावे १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथाचे कर्तृत्व अभ्यासक रामचंद्रपंत अमात्य यांच्याकडे देतात. शिवाजीमहाराजांपासून ताराबाईंपर्यंतच्या राजवटी पंतांनी कारभाराच्या आतून पाहिल्या होत्या. जिंजीच्या मुक्कामाच्या काळात राजाराममहाराजांच्या अनुपस्थितीत महाराष्ट्रातील राज्याचा भार त्यांच्याच शिरावर होता. सावकार, वतनदार, दुर्ग, आरमार यांविषयी या ग्रंथात जे येते त्यामागे अर्धशतकाचा अनुभव आहे, हे वाचकाला पदोपदी जाणवते.

या अनुभवाने कोणते रूप धारण केले, हे येथे महत्त्वाचे आहे. आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी लाकूड तोडण्याविषयीची सूचना प्रसिद्ध आहे. आंबा, फणस यांची झाडेही उपयोगी आहेत. पण ती वाढण्यास दीर्घकाळ लागतो आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू देऊ नये, असा तिचा आशय आहे. नियमाबरोबर नियमाचे कारणही येथे दिले आहे. हुकूम आणि शास्त्र यांतील भेद इथेच आहे, आणि त्या दृष्टीने हे शास्त्र आहे. मात्र ज्या गावात अशी झाडे तोडली गेली, ज्या रयतेने तक्रार केली, ज्या अधिकाऱ्याने चूक केली, त्यांपैकी कोणीही या परिच्छेदात उपस्थित नाही. अनुभव आहे, पण साक्षीदार नाहीत. लेखनाचा प्रकार ‘आज्ञा’ हा असल्याने त्याची आवश्यकताही नव्हती. कारण आज्ञेची ग्राह्यता पुराव्यावर अवलंबून नसते, आज्ञा देणाऱ्याच्या अधिकारावर असते.

रयतेचे दुःख पंतांना कळले होते याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांना ते कसे कळले, हे मात्र ग्रंथ सांगत नाही. आधुनिक प्रबंध ज्या एका गोष्टीचा आग्रह धरतो ती नेमकी हीच होय.

४

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. चेस्टर बार्नर्ड (१८८६-१९६१) हे हार्वर्डमधील शिक्षण पदवीविना सोडून १९०९ साली दूरध्वनी उद्योगात शिरले आणि १९२७ पासून न्यू जर्सी बेल कंपनीचे अध्यक्ष झाले. १९३७ साली बॉस्टन येथे लॉवेल व्याख्यानमालेत त्यांनी दिलेल्या व्याख्यानांतून १९३८ चा ‘द फंक्शन्स ऑफ द एक्झिक्युटिव्ह’ हा ग्रंथ निर्माण झाला. पदवी नसलेल्या कार्यकारी अधिकाऱ्याने लिहिलेला हा ग्रंथ व्यवस्थापनशास्त्राच्या मूलग्रंथांत गणला जातो. १९४७ साली प्रशासकीय वर्तनाविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध करणारे हर्बर्ट सायमन यांच्यावरही त्याचा प्रभाव होता.

बार्नर्ड यांचा मध्यवर्ती विचार असा की संस्था म्हणजे सहकार्याची एक व्यवस्था होय. अधिकार हा हुकूम देणाऱ्याच्या ठायी नसतो. ज्याला हुकूम दिला जातो त्याने तो स्वीकारण्यात असतो. ‘आज्ञापत्रा’च्या अगदी उलट टोकाला जाणारी ही भूमिका आहे. ती त्यांनी व्याख्यानाच्या रूपात मांडली, हेही सूचक आहे. व्याख्यानाला श्रोत्यांची मान्यता लागते.

परंतु स्वतः बार्नर्ड यांच्या अनुभवकथनाकडे पाहिले म्हणजे व्याख्यान या प्रकाराची मर्यादाही ध्यानात येते. १९३५ साली, मंदीच्या काळात, ते न्यू जर्सी राज्याच्या बेकारी-साहाय्याच्या कामाचे प्रमुख होते. ट्रेंटन येथे बेकारांच्या प्रतिनिधींशी त्यांची बैठक चालू असताना बाहेर दंगल झाली आणि बैठक मोडली. पुढे ती पुन्हा भरली. हा प्रसंग त्यांनी नंतर हार्वर्डमध्ये एल. जे. हेंडरसन यांच्या अभ्यासवर्गापुढे तपशिलाने सांगितला आणि १९४८ च्या आपल्या लेखसंग्रहात तो प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष असा : प्रतिनिधींनी मांडलेली गाऱ्हाणी वरवरची होती. त्यांना खरी भूक होती ती कोणीतरी आपले ऐकून घ्यावे, आपल्याला माणूस म्हणून मोजावे याची. आणि ती भागल्यावर प्रश्न सुटला.

निष्कर्ष मार्मिक आहे, आणि तो खरा असण्याचा संभवही मोठा आहे. तरीही येथे घटनेतला कर्ता, तिचा निवेदक आणि तिचा भाष्यकार हे तिघे एकच आहेत. बैठकीत ज्यांचे ऐकून घेतले गेले त्या माणसांना नंतर कोणी विचारले नाही. आपली गाऱ्हाणी वरवरची होती हे त्यांना मान्य झाले असते का? ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला मानाची भूक पोटाच्या भुकेपेक्षा मोठी होती, हे दुसऱ्याने ठरवावे का? आणि मदतीची रक्कम न वाढविणाऱ्या अधिकाऱ्याला हा निष्कर्ष सोयीचा नव्हता का? चार्ल्स पेरो यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात बार्नर्ड यांच्या एकूण सिद्धांतावर घेतलेला आक्षेप याच दिशेचा आहे. संस्था हे स्वभावतःच नैतिक सहकार्य आहे असे मानले की तिच्यातील सत्तेचा प्रश्न दृष्टीआड होतो, असे पेरो यांचे म्हणणे.

बार्नर्ड यांच्या प्रामाणिकपणावर संशय घेणे हा येथे हेतू नाही. प्रामाणिक मनुष्याच्याही निवेदनात त्याची जागा उमटते, एवढेच सांगावयाचे आहे. व्याख्यात्याला त्या जागेचा हिशोब द्यावा लागत नाही. प्रबंधकाराला तो द्यावा लागतो.

५

व्यावसायिक डॉक्टरेटचे खरे कार्य येथे स्पष्ट होते. अनुभवी अधिकाऱ्याला ती नवी माहिती फारशी देत नाही. त्याची माहिती त्याच्या मार्गदर्शकापेक्षाही पुष्कळदा अधिक असते. ती त्याला एक अवघड सवय लावते : स्वतःच्या खात्रीला साक्ष समजणे आणि साक्षीला पुरावा न समजणे.

डेव्हिड कॉगलन आणि टेरेसा ब्रॅनिक यांनी स्वतःच्याच संस्थेत संशोधन करणाऱ्यांविषयी २००१ साली लिहिलेल्या पुस्तकात अशा संशोधकाच्या अडचणींची व्यवस्थित मांडणी केली आहे. त्यांपैकी तीन येथे विशेष लागू पडतात. पहिली पूर्वज्ञानाची. ज्याला सारे ठाऊक आहे त्याला प्रश्न सुचत नाहीत. परका मनुष्य जे विचारील ते विचारण्याची त्याला लाज वाटते. दुसरी दुहेरी भूमिकेची. सकाळी ज्याने बढती नाकारली तोच सायंकाळी मुलाखत घेण्यासाठी समोर बसतो. तिसरी प्रवेशाची. वरिष्ठ अधिकाऱ्याला सर्व दारे उघडी असतात, परंतु दार उघडे असणे आणि मन उघडे असणे यांत अंतर आहे. हाताखालच्या माणसाने संमतिपत्रावर सही केली तरी ती संमती कितपत मोकळी, हे त्या कागदावरून कळत नाही.

यावर संशोधनपद्धतीने काही उपाय शोधले आहेत. मुलाखती ध्वनिमुद्रित करून शब्दशः उतरवून घेणे. त्यांतील विधानांचे ओळीओळीने वर्गीकरण करणे. तेच वर्गीकरण दुसऱ्या अभ्यासकाकडून स्वतंत्रपणे करवून ताडून पाहणे. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी उदाहरणे मुद्दाम शोधणे. निष्कर्ष मुलाखत देणाऱ्यांना दाखवून त्यांचे म्हणणे नोंदविणे. यांतील प्रत्येक उपायाचा अर्थ एकच आहे. एकाच माणसात एकवटलेल्या तीन भूमिका वेगळ्या करावयाच्या. ट्रेंटनच्या प्रसंगावर आज कोणी प्रबंध लिहू लागला तर त्याचा मार्गदर्शक पहिला प्रश्न हाच विचारील की त्या प्रतिनिधींचे शब्द कोठे आहेत.

अधिकाऱ्याला हा प्रश्न बोचतो. आयुष्यभर निर्णय लवकर घेण्याबद्दल ज्याची वाखाणणी झाली त्याला आता निर्णय लांबणीवर टाकण्याचे शिक्षण मिळते. संचालक मंडळापुढे ‘मला वाटते’ हे दोन शब्द पुरेसे असत. मौखिक परीक्षेत ते अपुरे ठरतात. अनेकांचा प्रबंध याच टप्प्यावर रेंगाळतो, आणि त्याचे कारण वेळेची टंचाई असे सांगितले जाते. वेळेची टंचाई खरीच असते. परंतु त्याहून मोठी अडचण प्रतिष्ठेची असते.

६

येथपर्यंतचा विचार कोणत्याही देशाला लागू पडेल. भारतीय व्यवस्थापकाच्या प्रबंधात मात्र आणखी एक गाळणी असते, आणि संशोधनपद्धतीच्या पाठ्यपुस्तकांत तिची पुरेशी दखल घेतलेली आढळत नाही. ती म्हणजे भाषांतराची.

एक कल्पित उदाहरण घेऊ या. पुणे परिसरातील एका कारखान्याचा व्यवस्थापक आपल्याच संस्थेतील सहकार्याविषयी प्रबंध लिहीत आहे. तो मराठीत मुलाखती घेतो, त्या इंग्रजीत उतरवितो आणि त्या इंग्रजी मजकुराचे वर्गीकरण करतो. मुलाखतीत विभागप्रमुख म्हणतो, ‘त्या महिन्यात आपण फार कष्ट घेतले.’ पाळीवरचा कामगार म्हणतो, ‘त्या महिन्यात आम्ही फार कष्ट घेतले.’ इंग्रजीत दोन्ही वाक्यांचा कर्ता एकच सर्वनाम होतो. वर्गीकरणाच्या तक्त्यात दोन्ही विधाने शेजारी बसतात, आणि संस्थेत वरपासून खालपर्यंत एकत्वाची भावना आढळली, असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात कामगाराने ‘आम्ही’ म्हणताना समोर बसलेल्या व्यवस्थापकाला त्या कष्टांतून वगळलेले असते. पुरावा होता, तो व्याकरणात होता, आणि भाषांतराने तो पुसला.

ऐकणाऱ्याला सामावून घेणारे आणि ऐकणाऱ्याला वगळणारे असे अनेकवचनाचे दोन भेद मराठीत आहेत. गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’, तमिळमध्ये ‘नाम्’ आणि ‘नाङ्गळ्’, तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’, मल्याळममध्ये ‘नम्मळ्’ आणि ‘ञङ्ङळ्’ अशा जोड्या आहेत. प्रमाण हिंदीत आणि बंगालीत हा भेद नाही. काही हिंदी बोलींत ‘अपन’ने तो अंशतः भरून काढला आहे. म्हणजे भारतातील कारखान्यांत आणि कचेऱ्यांत हा भेद काही प्रदेशांत रोज उच्चारला जातो आणि काही प्रदेशांत उच्चारला जात नाही. सहकार्याच्या अभ्यासाला यापेक्षा सूक्ष्म साधन क्वचितच मिळेल.

मराठी ‘आपण’चे काम इथेच संपत नाही. संस्कृत ‘आत्मन्’पासून आलेला हा शब्द स्वतःवाचकही आहे, आदरार्थी द्वितीयपुरुषीही आहे आणि समावेशक प्रथमपुरुषीही आहे. त्यामुळे अधिकारी जेव्हा म्हणतो, ‘हे काम आपण उद्यापर्यंत संपवू या,’ तेव्हा वाक्याचे रूप निमंत्रणाचे असते आणि अर्थ हुकुमाचा असतो. काम संपविणारा बहुधा ऐकणाराच असतो. बार्नर्ड यांच्या परिभाषेत सांगायचे तर, अधिकार स्वीकारण्यात असतो. आणि हे ‘आपण’ स्वीकार झालाच आहे असे आधीच गृहीत धरते. ऐकणाऱ्याने उत्तरादाखल ‘हो, आपण करू’ म्हटले की ‘आम्ही करतो’ म्हटले, यावरून तो स्वीकार कोणत्या प्रतीचा आहे हे कळू शकते. आज्ञा आणि सहकार्य यांच्यामधली सीमारेषा एका सर्वनामातून जाते.

क्रियापदांची गोष्टही अशीच. ‘यंत्र बंद केले’ या वाक्यात कर्ता आहे. ‘यंत्र बंद पडले’ यात यंत्रच कर्ता झाले आहे. ‘यंत्र बंद ठेवावे लागले’ यात कर्ता असूनही भाग पाडणारा कोणी दुसरा आहे. अपघाताच्या चौकशीत या तीन वाक्यांचे मोल तीन प्रकारचे आहे. किंवा ‘सांभाळून घेणे’ हा मराठी कचेरीतला नित्याचा वाक्प्रचार पाहावा. त्यात चूक पोटात घालणे आहे, चूक वरिष्ठांपासून झाकणे आहे, उपकार आहे आणि उद्या त्या उपकाराची आठवण दिली जाईल अशी सूचनाही आहे. इंग्रजीत त्याचे ‘साहाय्य केले’ अशा अर्थाचे भाषांतर झाले की यांतील तीन अर्थ नाहीसे होतात आणि पर्यवेक्षक साहाय्य करणारा आहे, एवढाच निष्कर्ष उरतो.

हे बारकावे त्या व्यवस्थापकाला कळत नाहीत असे मुळीच नाही. कामाच्या जागी तो ते क्षणात ओळखतो. त्याचे यश पुष्कळ अंशी याच ओळखीवर उभे असते. पोलान्यी यांनी सांगितलेले, शब्दांत न येणारे ज्ञान ते हेच. परंतु प्रबंध लिहिताना तो विद्यापीठाच्या भाषेत शिरतो, आणि जे ज्ञान घेऊन तो आला होता तेच दाराशी ठेवतो. पदवीचा उद्देश अनुभवाला शास्त्राच्या कक्षेत आणणे हा आहे. येथे अनुभवाचा सर्वांत मोलाचा भाग कक्षेबाहेर राहतो.

मराठीला कारखान्याचे जग पेलत नाही, अशी सबब यावर देता येणार नाही. १९२० साली किर्लोस्करवाडीहून निघू लागलेली ‘किर्लोस्कर खबर’ ही मुळात एका कारखान्याचीच पत्रिका होती, आणि तीच पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक झाली. जी भाषा शतकाहून अधिक काळ पाळी, मुकादम, बदली, तोडगा, वचक, धरसोड या शब्दांनी कारखान्याचे वर्णन करीत आली, तिच्यात पुरावा नोंदविता येत नाही असे म्हणणे सयुक्तिक नव्हे.

७

यावर उपाय अवघड नाहीत. मुलाखतीचे वर्गीकरण मूळ भाषेतील शब्दांकनावर व्हावे. भाषांतर शेवटी, निष्कर्ष मांडताना यावे. प्रबंधात उद्धृत केलेले प्रत्येक विधान मूळ भाषेत, त्या लिपीत, परिशिष्टात द्यावे, म्हणजे परीक्षकाला ते पडताळून पाहता येईल. ज्या शब्दांवर निष्कर्ष उभा आहे त्यांची अर्थचर्चा असलेली एक लहान शब्दसूची जोडावी. आणि जेथे विद्यापीठात भारतीय भाषांचा विभाग आहे तेथे अशा प्रबंधाच्या सल्लागार समितीवर त्या विभागाचा एक अध्यापक असावा. व्यवस्थापन विभागाला ही ढवळाढवळ वाटू नये. उलटतपासणी कशी करावी हे जसे वकिलाकडून शिकावे, तसे वाक्य कसे वाचावे हे भाषेच्या अभ्यासकाकडून शिकण्यात कमीपणा नाही.

भाषाविभागांच्या बाजूनेही एक कर्तव्य आहे. कामाच्या जागेची भाषा हा आजवर बोलीभाषाविज्ञानाचा किंवा कामगार-साहित्याच्या समीक्षेचा विषय मानला गेला. नारायण सुर्वे यांच्या कवितेच्या निमित्ताने मराठी समीक्षेने गिरणगावाच्या भाषेची दखल घेतली; ती भाषा पुढे कोणत्या कचेरीत कोणत्या रूपाने शिल्लक राहिली, याचा शोध मात्र फारसा पुढे गेला नाही. अनुभवी व्यवस्थापकांच्या प्रबंधांसाठी घेतलेल्या शेकडो तासांच्या मुलाखती या दृष्टीने अमोल सामग्री ठरतील. परंतु त्या मूळ भाषेत जतन झाल्या तरच.

रामचंद्रपंतांना आज्ञा देण्याचा अधिकार होता, म्हणून त्यांनी साक्षीदार आणले नाहीत. बार्नर्ड यांना श्रोत्यांचा विश्वास होता, म्हणून त्यांना ते आणावे लागले नाहीत. पन्नाशीत विद्यार्थी झालेल्या व्यवस्थापकापाशी यांपैकी कोणताही आधार नाही. प्रबंधाच्या दाराशी त्याला पद आणि लौकिक दोन्ही उतरवून ठेवावे लागतात. त्याच्या हाती उरते ते दुसऱ्याचे बोलणे, आणि ते जसे उच्चारले गेले तसे ऐकण्याची तयारी. ज्या दिवशी त्याच्या शब्दांकनात कामगाराचा ‘आम्ही’ हा ‘आम्ही’ म्हणूनच उतरेल आणि आपण त्या ‘आम्ही’त नाही हे त्याला वाचता येईल, त्या दिवशी त्याच्या संशोधनाला खरा आरंभ झाला असे म्हणता येईल.